मुलगी दहावीत, मराठी माध्यम. भूमितीला चॅटजीपीटी वापरू द्यावं का?

द्या. पण आधी वही, मग मोबाइल. उलटं झालं की संपलं.

अपोलोनियसचं प्रमेय घ्या: त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे मध्यगेच्या (शिरोबिंदू ते पायाचा मध्यबिंदू) वर्गाची दुप्पट अधिक अर्ध्या पायाच्या वर्गाची दुप्पट. चॅटजीपीटीला नुसतं "सिद्ध कर" म्हटलं, तर कित्येकदा पायाचा मध्यबिंदू आरंभबिंदू धरतो आणि निर्देशकांनी चार ओळींत मोकळा होतो. चूक काही नाही. पण पुस्तकात हे पायथागोरसच्या प्रकरणात आहे. तिथे शिरोबिंदूतून पायावर लंब टाकायचा असतो, आणि नेमका तोच मुलांना सुचत नाही.

म्हणून तिला 7, 9 आणि 8 सेमी बाजूंचा त्रिकोण कंपासने काढू द्या. 8च्या बाजूवरची मध्यगा मोजली की 7 सेमी भरते. लंबाचा पाय मध्यबिंदूपासून 2 सेमीवर, 7च्या बाजूकडे पडतो. म्हणजे पायाचे तुकडे 4 वजा 2 आणि 4 अधिक 2. दोन्ही काटकोन त्रिकोणांना पायथागोरस लावून बेरीज करा. वर्ग उलगडले की मधली पदं, एक वजा एक अधिक, उडून जातात. प्रमेयात याहून जास्त काही नाही.

पंधरा मिनिटं डोकं चालवूनही अडलं, तर मोबाइल. पक्ष, साध्य आणि आपली अर्धवट सिद्धता टाइप करून विचारायचं: "महाराष्ट्र बोर्ड, दहावी. निर्देशक भूमिती नको. उत्तर देऊ नकोस, कुठल्या ओळीत चुकले तेवढं सांग." आकृतीचा फोटो टाकला तरी मापं शब्दांत लिहायचीच, काटकोनाची खूण वाचताना घोळ होऊ शकतो. "मला हे चूक वाटतंय" असं उगाच म्हणू नये. कधीकधी बरोबर उत्तरसुद्धा माफी मागून बदलून देतो. चूक कळली की मोबाइल पालथा, आणि कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून पुन्हा.

मराठीत आणखी एक खोड. समरूप काय, एकरूप काय, कधीकधी दोन्हींना "समान त्रिकोण" म्हणतो, स्पर्शिकेची "स्पर्शरेषा" करतो. शब्द पुस्तकातलेच लिहायचे.

आता "एआयने मुलं विचार करायची थांबली" म्हणणाऱ्या सरांबद्दल. गाईडमधली सिद्धता स्वल्पविरामासकट पाठ करून घेताना हा विचार कुठे होता? लंब का टाकला, हे वर्गात किती जण सांगतात? मुलगी मोबाइलला रात्री दहा वेळा "का" विचारू शकते, तो वैतागत नाही.

हां, एक राहिलं. 18 वर्षांखाली पालकांची परवानगी लागते, असं चॅटजीपीटीच्याच अटींत आहे. आणि वहीच्या फोटोत नाव, शाळा दिसत असेल तर झाका.