उशीर, दुखणं आणि दहावी : चेलोविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तीन वर्षं व्हायोलिन शिकला. गेल्या वर्षी त्याला मुंबईला एनसीपीएच्या सभागृहात सिम्फनी ऐकायला नेलं, तेव्हापासून ‘मला चेलोच हवा’ म्हणून बसलाय. मोठे चेलिस्ट चौथ्या-पाचव्या वर्षीच सुरुवात करतात असं वाचलं. आता उशीर झाला का? (एक आई, नाशिक)

उत्तर : अकरा हा आकडा वाचला आणि मला थोर चेलिस्ट पाब्लो कासाल्स आठवले. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या एल वेंद्रेल गावी 1876 साली जन्मलेला हा मुलगा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. पियानो, व्हायोलिन, ऑर्गन हे सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं होतं, पण चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचं, पण मोठं आणि बसून वाजवायचं वाद्य, त्याने जवळून ऐकला तो अकराव्या वर्षी, आणि तुमच्या मुलासारखाच तो हट्टाला पेटला. वडिलांच्या मनात त्याला सुतारकामाला लावायचं होतं. आई ठाम राहिली आणि त्याला घेऊन बार्सिलोनाला गेली.

पुढची गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. शिकता शिकता कासाल्स संध्याकाळी एका कॅफेत वाजवून चार पैसे मिळवायचे. तिथे वाजवायला नवं काहीतरी हवं म्हणून तेराव्या वर्षी वडिलांबरोबर जुन्या स्वरलिपींच्या दुकानात शिरले आणि तिथे त्यांच्या हाती जर्मन संगीतकार बाखच्या सहा चेलो सूट्स (नृत्यांवर बेतलेल्या रचनांच्या माळा) लागल्या. तोवर लोक त्यांच्याकडे बोटं तयार करण्याचे धडे म्हणूनच बघत. कासाल्स मात्र त्या रोज वाजवत राहिले, आणि त्यातली एक अख्खी सूट लोकांसमोर वाजवायला त्यांनी साधारण बारा वर्षं घेतली. सगळ्या सहा ध्वनिमुद्रित केल्या त्या 1936 ते 1939 या काळात, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. तेव्हा अकराव्या वर्षी उशीर झाला असं मी तरी म्हणणार नाही.

चौथ्या वर्षी सुरू करणारेही आहेतच. नामवंत चेलिस्ट यो-यो मा त्यातलेच. पण त्यांचे वडील त्यांना दिवसाला बाखचे फक्त दोन बार (तालाची दोन आवर्तनं) द्यायचे. दोनच, पण पक्के.

व्हायोलिनची तीन वर्षं वाया गेली असं समजू नका. कान तयार झालाय, वाचन येतंय. डाव्या हाताला मात्र नव्याने शिकावं लागेल. व्हायोलिनवर पहिल्या बोटापासून चौथ्यापर्यंत शुद्ध मध्यमाएवढं अंतर सहज मिळतं. चेलोच्या खालच्या जागांवर तेवढ्याच चार बोटांत कोमल गंधारापर्यंतच पोचता येतं, कारण तार लांब आणि दर बोटाला एकेक अर्धस्वर. शिवाय बास क्लेफ, म्हणजे खालच्या स्वरांची लिपी, वाचायला शिकायचं. त्याच्या उंचीप्रमाणे अर्धा किंवा पाऊण आकाराचा चेलो लागेल. तो विकत घेऊ नका, भाड्याने मिळाला तर बघा, कारण दोन वर्षांत तो लहान पडणार.

आणि पहिले काही महिने घरात एकच आवाज ऐकायची तयारी ठेवा. मला माझ्या वांद्र्याच्या सरांनी चार महिने मोकळ्या तारांशिवाय काही दिलं नव्हतं. एक बो (गज), वरपासून खालपर्यंत, श्वास संपेपर्यंत. आमच्या आजोबांनी भजनी मंडळात आयुष्य घालवलेलं. ते दाराआडून ऐकायचे आणि आईला सांगायचे, “पोरगी खर्ज भरतेय, तिला हाक मारू नकोस.” चेलोचं शिक्षण म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्यात नंतर कुणी सांगितलं नाही.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. ग्रेड आठच्या परीक्षेची तयारी चालू आहे, रोज पाच-सहा तास वाजवते. दोन महिने डावा अंगठा आणि मनगट दुखतंय. ताई, मोठे चेलिस्ट किती तास रियाज करायचे? दुखणं सहन करत वाजवायचं असतं का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. आज चेलो केसमध्ये ठेव आणि हाताच्या डॉक्टरांकडे जा. बाकीचं उत्तर ते झाल्यावर वाच.

एकोणिसाव्या वर्षी मला एका शिक्षकांनी सांगितलं होतं, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. मी विश्वास ठेवला. पुढचे आठ महिने मला बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं, चेलो तर दूरच. परीक्षा गेली आणि एका तरुणांच्या ऑर्केस्ट्रातली जागाही गेली. म्हणून या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

दुखणं बहुतेक वेळा तासांतून येत नाही, दाबातून येतं. अंगठा चेलोच्या मानेला, म्हणजे पट्टीच्या दांड्याला, चिमट्यासारखा धरलेला असतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की एक करून बघ. अंगठा मानेवरून पूर्ण काढ आणि साधा स्केल वाजव. तार दाबायला हाताचं वजन पुरतं, ते पाठीतून आणि खांद्यातून येतं, हे तुला तिथेच कळेल. कासाल्स शिकत होते तेव्हा बो धरलेल्या हाताच्या काखेत पुस्तक ठेवायची पद्धत होती. ते पडता कामा नये, म्हणजे कोपर अंगाला चिकटलेलं. डावा हातही असाच आखडलेला. त्यांनी पोरवयातच दोन्ही हात मोकळे केले. आज आपण सगळे ज्या सैल हाताने वाजवतो तो असा आला.

तासांचं म्हणशील तर रशियन चेलिस्ट रोस्त्रोपोविचची गोष्ट ऐक. 1959 च्या ऑगस्टमध्ये संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोची (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेची) स्वरलिपी त्यांच्या हाती आली आणि चार दिवसांत ती तोंडपाठ झाली. ऑक्टोबरात लेनिनग्राडला पहिला प्रयोग. हे नुसत्या बोटांनी होत नाही. वडील चेलिस्ट, आई पियानिस्ट, आणि मॉस्कोच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, चेलोबरोबर ते रचनाही शिकले, ऑर्केस्ट्रेशन (रचना वाद्यांत वाटून देणं) तर शोस्ताकोविचकडेच. पानावरची रचना त्यांना आतून वाचता यायची. तुझ्या सहा तासांतले दोन तास चेलोशिवाय कर. पियानोची साथ वाच, गाऊन बघ, बोटांच्या जागा डोळे मिटून आठव. माझ्या मते तो उरलेल्या चार तासांपेक्षा कमी रियाज नाही.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. शाळा सोडून फक्त चेलो करायचा आणि परदेशी कॉन्झर्वेटरीची तयारी करायची म्हणते. ती जॅकलिन दु प्रेचं उदाहरण देते. मी बँकेत नोकरी करतो, संगीतातलं मला कळत नाही. चेलोवर पोट भरतं का? (एक वडील, मडगाव)

उत्तर : तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे, पण त्या गोष्टीला आणखी बाजू आहेत. इंग्लंडची चेलिस्ट दु प्रे 1945 ची. चेलोचा आवाज तिने रेडिओवर ऐकला तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती. दहाव्या वर्षी ती विल्यम प्लीथकडे शिकायला लागली. प्लीथ स्वतः जर्मनीत लाइपझिगला चेलिस्ट युलिउस क्लेंगेलकडे शिकलेले. त्याच क्लेंगेलची आधीची एक शिष्या म्हणजे पोर्तुगालची गिल्येर्मिना सुजिया. सुजिया 1950 मध्ये गेली तेव्हा आपला स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे स्ट्रॅडिव्हेरीने बनवलेला फार मोलाचा चेलो, विकून त्या पैशातून तरुण चेलिस्टना मदत करावी अशी व्यवस्था तिने करून ठेवली होती. ती मदत 1956 मध्ये अकरा वर्षांच्या जॅकलिनला मिळाली.

निवड करणाऱ्यांत ऑर्केस्ट्राचे संचालक जॉन बार्बिरोली होते. मूळचे तेही चेलिस्ट. इंग्लिश संगीतकार एल्गारची चेलो कॉन्चेर्टो 1919 मध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा ते ऑर्केस्ट्रात चेलोंच्या रांगेत बसले होते. आणि 1965 मध्ये तीच कॉन्चेर्टो वीस वर्षांच्या दु प्रेने ध्वनिमुद्रित केली तेव्हा समोर बॅटन घेऊन बार्बिरोलीच उभे होते. ही साखळी मला फार प्रिय आहे. गेलेल्या एका बाईच्या वाद्याचे पैसे, एक गुरू, लहान मुलीला पारखणारा एक कान, हे सगळं जुळून आलं तेव्हा ते ध्वनिमुद्रण झालं.

पण शाळा तिची मागे पडली ती पडलीच. 1973 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, आणि वाजवणं तोवर थांबलेलं होतं. 1987 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. आजार शाळा सोडल्यामुळे आला नाही, हे उघड आहे. मला एवढंच म्हणायचंय की एका हातावर सगळं आयुष्य तोलायचं का, याचा विचार आईवडिलांनी करावा. दुसरीकडे यो-यो मा बघा. नऊ वर्षांचे असल्यापासून न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड संगीतशाळेत लेनर्ड रोझकडे शिकले, नाव झालेलं होतं, तरी हार्वर्डला गेले आणि 1976 मध्ये पदवी घेतली. चेलोचं काही बिघडलं नाही.

पोटाचं आता. एकल वादक म्हणून जगणारे फार थोडे. बहुतेक जण ऑर्केस्ट्रात बसतात, चौकडीत (चार वादकांच्या गटात) वाजवतात, शिकवतात, आणि बरेचदा हे तिन्ही करतात. परदेशात ऑर्केस्ट्राच्या निवडीत पहिली फेरी अनेकदा पडद्याआड होते. वाजवायला द्वोर्झाक किंवा हायडनच्या कॉन्चेर्टोचा भाग, बाख, आणि ऑर्केस्ट्रातले ठरलेले उतारे. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग त्यात जवळजवळ असतोच. आपल्याकडे पूर्णवेळ जागा अगदी मोजक्या. मुंबईची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये सुरू झाली, पण तिच्यात परदेशी वादकच जास्त. एके काळी तुमच्या गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर घर चालवायचे. तो रोजगार सिंथेसायझर आल्यावर आटत गेला. म्हणजे तिला बाहेर जावं लागेल आणि परत यायचं ठरवलं तर शिकवावं लागेल. शिकवणं हे कमी दर्जाचं काम आहे असं तिला वाटू देऊ नका. प्लीथ शिकवतच होते.

दहावी तिला देऊ द्या. परीक्षा संपली की पॉपरच्या चाळीस एट्यूडपैकी (सरावाच्या रचनांपैकी) तिला जमणारं कुठलंही एक आणि बाखच्या तिसऱ्या सूटमधला साराबांद हा संथ भाग, दोन्ही न थांबता, तुकडे न जोडता रेकॉर्ड करून मासिकाच्या पत्त्यावर पाठवायला सांगा. मी ऐकून तिलाच सविस्तर लिहीन.