एक्सेल म्हणजे नेमकं काय? (गाडीचं नाही, इंग्रजी क्रियापदाचं विचारायलेत)

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाच्याने परवा मेसेज टाकला, "मामा, ही एक्सेल्स दॅन हिज ब्रदर असं लिहिलं तर सरांनी लाल गोल केला, कामून?" म्हणलं इथंच सविस्तर लिहावं, बाकीच्यांच्याबी कामाला येईल.

आधी गोंधळ मिटवू. आपल्याकडं एक्सेल म्हणलं की दुधाचे कॅन लटकवलेली मोपेड आठवते, नाहीतर कपड्याची पावडर, नाहीतर ऑफिसातली ती चौकटी-चौकटीची शीट (ती १९८५ ला आधी मॅकिंटॉशवर आली, विंडोजवर १९८७ ला). आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तुटतो तो ॲक्सल, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, त्यात जोर पहिल्या अक्षरावर आणि आपल्या क्रियापदात दुसऱ्यावर, इक्-सेल. मूळ लॅटिन, अर्थ उंच उठणं, वर निघणं. एक्सलंट त्याच घरातला.

आता सरांचा लाल गोल. आपण मनात "भावापेक्षा सरस" असं म्हणतो आणि त्या "पेक्षा"ला ओढून दॅन आणतो, चूक तिथंच होती. एक्सेलला दॅन चालत नाही. कशात ते सांगायचं असेल तर इन किंवा ॲट लावा, शी एक्सेल्स इन मॅथ्स, ही एक्सेल्स ॲट कबड्डी. कुणाच्या पुढं गेला ते सांगायचं तर थेट कर्म, ही एक्सेल्ड हिज ब्रदर, पण हा वापर आता जुनाट वाटतो, त्यापेक्षा सरपास किंवा आउटडू बरं. आणि भूतकाळात शेवटचा एल डबल होतो, हे पोरं हमखास विसरतात.

मराठीत काय म्हणायचं? डिक्शनऱ्या "उत्कृष्ट कामगिरी करणे" देऊन मोकळ्या होतात, ते मला सरकारी पत्रकासारखं वाटतं. मात करणे, कुरघोडी करणे, वरचढ ठरणे यांना समोर कुणीतरी हरणारा लागतो, मात तर बुद्धिबळातलीच. एक्सेल इनला तसा हरणारा लागत नाही. आमच्या मावशी धपाटे करायच्या ना, ओल्या फडक्यावर पीठ थापून पाच बोटांनी भराभरा असं पसरवायच्या की कड कुठं जाड नाही कुठं फाटलेली नाही, आणि फडकं तव्यावर उलटं करून अलगद सोडवायच्या. गल्लीत बाया म्हणायच्या, "धपाट्यात यांचा हात कुणी धरावं!" हे झालं अस्सल एक्सेल ॲट. मावशीची काय कुणाशी स्पर्धा होती का, नव्हती. थेट कर्मवाल्याला मात्र "पोरगं बापाच्या वरताण निघालं" हे लई फिट्ट बसतं.

अजून एक गंमत, एक्सेल वनसेल्फ. स्वतःच्याच नेहमीच्या पातळीच्या वर जाणं. कौतुकानं म्हणतात तसंच टोमण्यानंबी म्हणतात, म्हणजे वरणात दोनदा मीठ पडलं आणि कुणी म्हणलं यू हॅव एक्सेल्ड युवरसेल्फ, तर खूश होऊ नका, ते "काय दिवे लावलेस" असं म्हणायलेत.

भाच्या, आता तुझं वाक्य ही इज बेटर दॅन हिज ब्रदर असं लिही आणि सरांना दाखव.