जाड पत्र्याचा भरवसा

प्रिय दोस्ता,

तुझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे फोटो पाहिले. क्रोम चकचकीत, स्टिअरिंगवरचा गिअर जागेवर, बेंच सीटही मूळचंच. दार लावताना येणाऱ्या ‘धप्प’ आवाजावर तू खूश आहेस, आणि आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याची डबडी, असं लिहिलं आहेस. गॅरेजमध्येही तुला हेच ऐकवतील. बोनेटवर अंगठा दाबून बघतील, दबलं नाही की मान डोलावतील.

पत्रा दबला नाही तर पत्रा वाचतो. आतल्या माणसाचा हिशेब वेगळा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली, नाक साठ सेंटिमीटर चेपलं आणि माणूस बेल्टने सीटला बांधलेला असला, तर अंगावर सरासरी १६ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सोळापट जोर येतो. म्हणजे ७० किलोचा माणूस त्या क्षणाला अकराशे किलोचा होतो. तेच नाक वीस सेंटिमीटरच चेपलं, तर ४९ जी. बेल्टच नसेल तर माणूस त्याच ५०च्या वेगाने पुढे जातो आणि स्टिअरिंगवर थांबतो. पद्मिनीचा स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि अखंड आहे. धडक बसली तर आत दुमडत नाही, छातीच्या दिशेने येतो.

नाक मऊ आणि केबिन कडक, ही कल्पना मर्सिडीजमध्ये इंजिनिअर बेला बारेनी यांनी रुजवली आणि १९५९च्या डब्ल्यू १११ या मॉडेलमध्ये ती रस्त्यावर आली. तुझ्या गाडीचं मूळ मात्र १९५३च्या फियाट ११०० पर्यंत जातं. तिचं नाक कडक आहे असंही धरू नकोस. जिथे चेपायला हवं तिथे ती नीट चेपत नाही आणि जिथे चेपू नये, म्हणजे छताच्या बारीक खांबांपाशी, तिथे दुमडते. २००९ मध्ये अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर, अर्ध्या नाकावर आदळवल्या. बेल एअरची केबिन ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर कोसळली. मालिबूतल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ मार. बेल एअरचं इंजिन आधीच काढून ठेवलं होतं, ही अफवा तुझ्यापर्यंत येईलच. इंजिन जागेवर होतं.

आता तुझा दुसरा मुद्दा: ‘मी ५०-६०च्या वर जातच नाही, गाडीच सांगते कधी थांबायचं.’ यात तथ्य आहे. आवाज, थरथर, खिडकीतला वारा यामुळे जुन्या गाडीत ६० हे ८०सारखे वाटतात आणि माणूस आपसूक बेताने चालवतो. पण ती थरथर फक्त वेग सांगते, धडकेचा परिणाम सांगत नाही. शिवाय आवाज कमी करायला तू फेल्ट टाकणार, पाच गिअरचा बॉक्स बसवणार म्हणतोस. म्हणजे गाडी तुला जो एकुलता एक इशारा देते, तोच काढून टाकणार. ते काम सर्वात शेवटी कर.

आणि धोका काही तुझ्या एकट्याच्या हातात नाही. ८०च्या वेगात नवी गाडी चांगल्या रस्त्यावर साधारण २९ मीटरमध्ये थांबते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय टायर असलेल्या गाडीला ४९ मीटर लागले असं धर. नवी गाडी जिथे उभी राहिली, त्या ठिकाणी तुझी अजून ताशी ५१च्या वेगाने चाललेली असते. म्हणून पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेव: ती खांबापाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोज, चार व्हायच्या आत तू खांबापाशी आलास तर जवळ आहेस. त्या फटीत रिक्षा घुसेल. घुसू दे, पुन्हा मागे हो. मागचाही एक जण असेलच, एका हाताने तुझ्या गाडीचा व्हिडिओ काढत चिकटलेला. तुझ्या सीटची पाठ खांद्यापर्यंतच आहे, मानेला टेकू नाही. मागच्या काचेत आतून एक एलईडी ब्रेक लाइट लावून घे. ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या लाइनवर असेल तर तोही तपास. जुना झाला की जोरात दाबल्याशिवाय दिवा लागत नाही.

पैसे लावायचा क्रम सांगतो. आधी गंज. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालच्या उंबऱ्यावरून फिरव. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कार्पेट उचलून सीटच्या रुळांभोवतीची जमीन स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. इथे पत्रा खाल्लेला असेल तर बेल्टचा विषय पुढे जातच नाही.

पत्रा शाबूत असेल तर पुढच्या दोन्ही जागांना तीन बिंदूंचे बेल्ट. वर काढलेले अकराशे किलो आठव; ते जवळपास सगळे या तीन बोल्टांवर येतात. नुसत्या पत्र्याला वॉशर लावून बोल्ट कसला तर तो पत्रा फाडून वर येतो. खालून किमान ३ मिलिमीटर जाडीची, साधारण ५० बाय ७५ मिलिमीटरची पोलादी पट्टी हवी, कोपरे घासून गोल केलेली. नाहीतर तिचीच धार पत्रा कापते. बोल्ट बेल्टसोबत येतो तोच वापर: ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट नको. वरचा बिंदू खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर असावा. खाली राहिला तर धडकेत पट्टा पाठीचा कणा दाबतो. पद्मिनीच्या मधल्या खांबाचा पत्रा पातळ आहे, तेव्हा तिथेही आतून पट्टी वेल्ड करून घे. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. आणि बसताना छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून निदान २५ सेंटिमीटर लांब.

मग ब्रेक. जुन्या पद्मिनीत मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरला, एकच सर्किट असतं: एका चाकाचा व्हील सिलिंडर फुटला की चारही ब्रेक गेले. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणारा जाणकार मेकॅनिक मिळाला तर तो खर्च रंगाच्या आधी कर. रबरी होज बाहेरून ठीक दिसले तरी आतून फुगतात; मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. ते कधी बदललेत हे कुणाला सांगता येत नसेल तर बदलूनच टाक. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी नवं भर. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० च्या आसपास. बोरघाट उतरताना पेडल अचानक मऊ होतं ते याच्यामुळे. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतर. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूला नको, विरुद्ध बाजूच्या ड्रममध्ये बघ: लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर, ग्रीस किंवा अडकलेला सिलिंडर सापडेल. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू देऊ नकोस, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

टायरवर चार आकडे बघ. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसो, दहा वर्षांचा टायर नको. एका अॅक्सलवर आताचा रेडियल आणि जुना क्रॉस-प्लाय असा जोड तर कधीच नको.

पुतणीला मागच्या सीटवर बसवून लोणावळ्याला जायचा बेत मात्र रद्द कर. मागे बेल्ट नाहीत, चाइल्ड सीट बांधायला जागा नाही, आणि मांडीवर घेतलेलं मूल ५०च्या धडकेत कुणाच्याही हातात राहत नाही. रविवारी सकाळी कॉलनीत रांगत एक फेरी मारून आण, बास.

बेल्टसाठी ड्रिल लावण्याआधी मधल्या खांबाचा आतून आणि जमिनीचा खालून फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी धरून. एकदा पाडलेलं भोक बुजवता येतं, पण तिथला पत्रा पुन्हा तसा राहत नाही.