बागेतली जुनी शेड बदलताना

हे काम एप्रिलच्या मध्यापर्यंत उरका. नाशिकला मे महिन्यात वळवाआधी वादळी वारं सुटतं, त्यात अर्धवट बसवलेला पत्रा टिकत नाही.

जुने पत्रे सिमेंटचे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. आधी पाणी मारा, चांगला मास्क लावा, पत्रा अख्खा उतरवा. फोडू नका, ती धूळ फुफ्फुसांसाठी घातक आहे.

खरा घोळ पायात होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि खांब तिरके होतात. म्हणून ठरावीक दोन फुटांवर थांबू नका, मुरूम लागेपर्यंत खणा. काँक्रीट जमिनीच्या सहा इंच वर आणा आणि माथ्याला बाहेर उतार द्या, नाहीतर खांबाचा पाइप बुडाशीच गंजतो.

दहा बाय आठच्या शेडला सहा खांब घ्या. चारच घेतले तर दहा फुटांचे आडवे पाइप मधे झोल खातात. आठ फुटांत एक फूट उतार. दहा फुटी पत्रा घेतलात की मधे जोड लागत नाही, दोन्हीकडे वळचणही मिळते. उतार उत्तर-दक्षिण असेल तर पत्रे पूर्वेकडून बसवत, पुढचा आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे या, म्हणजे पश्चिमेचा पावसाळी वारा शेजारच्या पत्र्यांच्या जोडात पाणी घुसवत नाही.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. रबरी वॉशर किंचित दबेल इतकंच आवळा. जास्त आवळलं की तो फाटतो, गळती तिथूनच सुरू होते. कापायला ग्राइंडर नको, ठिणग्या जस्ताचा थर जाळतात. पत्र्याची कात्री वापरा.