पद्मिनीचं इंजिन बदलायचंय? आधी पत्रा बघा

जुनी गाडी घेऊन तिच्यात जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं म्हणतोस आणि त्यासाठी प्रीमियर पद्मिनी निवडलीस, झकास! पण इंजिनांचे भाव काढत बसू नकोस, खरा खर्च पत्र्यात आहे. लोहचुंबक घे आणि दरवाजांखालचे पट्टे, मडगार्डच्या कडा तपास. चिकटला नाही, तर रंगाखाली पुट्टी थापलेली आहे असं समज. मॅट उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. सडलेली गाडी स्वस्तात मिळते, मग वेल्डर आणि पेंटर मिळून खिसा रिकामा करतात.

बाकी क्रम असा:
- कागद: आरसीवरचा चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, १५ वर्षांनंतरचं री-रजिस्ट्रेशन झालंय का? इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर.
- ब्रेक: मूळ गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, डिस्क नाहीत. इंजिनाची ताकद वाढवायच्या आधी ब्रेकचा प्रश्न सोडव.
- मूळ १०८९ सीसीचं इंजिन खोलून नीट बांधून (दुरुस्त करून) घे आणि काही महिने चालव. कदाचित तेवढ्यानेच भागेल!

नवखे आधी अलॉय चाकं आणि सायलेन्सरवर पैसे उडवतात, आणि गाडी गॅरेजात ठोकळ्यांवर पडून राहते. बजेटचा तिसरा हिस्सा बाजूला ठेव. काचांची रबरं, दारांच्या कडांचं बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या हा हिस्सा कधी गिळतात कळतही नाही. टर्बोबिर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राचं) नंतर बोलू. गाडी बघायला जाशील तेव्हा खालून फोटो काढून पाठव.