झिप फुटतेय, पण दोष डाउनलोडचा नाही

तुमची पोस्ट वाचली आणि मला २०१९ चा एप्रिल आठवला. तुम्ही ओव्हरक्लॉक केलंय, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवताय: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, टॉवर कूलर, सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झला फिक्स, व्होल्टेज १.४, सोबत रॅमचं एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. सिनेबेंच (प्रोसेसरवर ताण टाकणारी चाचणी) पूर्ण होतं, तापमान ८५ च्या आत राहतं, म्हणून तुम्ही मशीन स्टेबल धरलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की मोठी झिप उघडताना अधूनमधून सीआरसी एरर (आतला डेटा बिघडल्याची खूण) येते, बहुतेक साताऱ्यातल्या नेटचा घोळ असावा. बाकीच्यांनी तुम्हाला कूलरबद्दल सांगितलं. माझी नजर मात्र त्या झिपच्या ओळीवरच अडकली, कारण माझीही सुरुवात अशीच झाली होती.

वेग ठरवणारा मल्टिप्लायर कुठे असतो, बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या पानांत) कसं शिरायचं हे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलंच आहे.

मी सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. विश्रामबागेत घराच्या वर पत्र्याची खोली आहे, तिथेच मशीन. तेव्हा इंटेलचा आय५ ९६००के प्रोसेसर होता, झेड३९० बोर्डवर. मूळ वेग ३.७, टर्बो (गरजेला आपोआप चढणारा वेग) ४.६. डिसेंबरातल्या एका रात्री मी तो ४.९ ला नेला आणि त्याच बैठकीत रॅमही २६६६ वरून ३२०० केली. अर्धा तास प्राइम९५ (प्रोसेसरची ताण-चाचणी) चालवलं, एकदाही अडकलं नाही, झोपायला गेलो. चूक ती हीच. दोन गोष्टी एकाच रात्री बदलल्या, तपासली त्यातली एकच, आणि तीसुद्धा थंडीत.

चार महिने काही जाणवलं नाही. एप्रिलमध्ये एका लग्नाचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं तर हळदीच्या क्लिपमध्ये हिरवे चौकोन. नवरीची आजी तिच्या गालाला हळद लावतेय आणि बरोबर तिथे अर्धा चेहरा हिरव्या ठोकळ्यांनी झाकलेला. कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्याच दिवशी मिरजेच्या लग्नासाठी फॉरमॅट केलं होतं. एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप होता, पण तोही याच मशीनमधून कॉपी झालेला, त्यामुळे तिथेही तेच ठोकळे. त्या घरी जाऊन सांगावं लागलं. पैसे परत केले. नवरीच्या आईने एवढंच विचारलं, "आत्याच्या मोबाइलमध्ये असेल का हो?" नव्हतं.

मग मी चुकीच्या गोष्टींच्या मागे लागलो. आधी हार्ड डिस्क बदलली. नव्या डिस्कवरही तेच. शेवटी एका ३० जीबीच्या फाइलचा एसएचए२५६ हॅश (फाइलच्या डेटावरून निघणारा ठसा, डेटा तोच तर ठसाही तोच) काढला, लगेच पुन्हा काढला. फाइल तीच, तिला कुणी हात लावलेला नाही, आणि दोन हॅश वेगवेगळे. तेव्हा कळलं की डिस्क बिचारी बरोबर देतेय, वाचलेला डेटा रॅममध्ये बिघडतोय.

रॅम वॉरंटीत होती म्हणून सर्व्हिस सेंटरला दिली. नाव घेत नाही. फॉर्मवर मी ठळक लिहिलं होतं, '३२०० ला दोष येतो'. तीन आठवडे ठेवून घेतली आणि 'दोष आढळला नाही' असा शिक्का मारून परत दिली. विचारलं तर म्हणाले, आम्ही २१३३ लाच तपासतो. अहो, पाकिटावर ३२०० छापून विकता, पैसे ३२०० चे घेता, मग तपासायची वेळ आली की २१३३ का? लग्नसराईचे तीन आठवडे मी उसन्या रॅमवर काढले. अजून आठवलं की संताप येतो.

परत आल्यावर प्रोसेसर मूळ वेगाला आणला, फक्त एक्सएमपी चालू ठेवलं आणि मेमटेस्ट८६ (रॅमची चाचणी) लावलं, तेही मुद्दाम दुपारी दोनला, पत्रा तापलेला असताना. दुसऱ्या पासमध्येच लाल ओळी, म्हणजे चुका. रॅम ३००० ला आणली, चारही पास स्वच्छ. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी जानेवारीपासून पडलेल्या. म्हणजे ४.९ सुद्धा खरं स्टेबल नव्हतं! प्रोसेसर ४.७ वर आणला, तेव्हा त्या नोंदी थांबल्या.

तुमच्या मशीनबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ३६०० हा स्वतःहून एका कोअरला ४.२ पर्यंत जातो आणि सगळ्या कोअरवर साधारण चारच्या आसपास राहतो. वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ ला ४.० आणि १.४ ला ४.३ अशी तुलना करा: वेग साडेसात टक्के वाढला, वीज आणि उष्णता जवळजवळ ३५ टक्के. आणि १.४ हे व्होल्टेज या चिपला सगळ्या कोअरवर कायम देणं मला अजिबात मान्य नाही. मी असतो तर फिक्स वेग काढून टाकला असता आणि फार तर पीबीओ (प्रोसेसरला आपोआप वेग वाढवू देणारी एएमडीची सेटिंग) चालू केलं असतं. (व्होल्टेज कमी करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर शोधत बसू नका, ते रायझन ५००० सिरीजपासून आलं.)

तापमानाचंही तसंच. प्रोसेसरचे रिव्ह्यू व्हिडिओ करणारे एसी खोलीत २२ अंशांना टेस्ट करतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत ३८ असतात, ते १६ अंश सरळ वर चढतात. तुमचे ८५ आत्ता जानेवारीतले आहेत आणि या चिपची मर्यादा ९५ आहे. हिशेब तुम्हीच करा.

मी इंजिनिअर नाही. प्रत्येक चिप वेगळी निघते, माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. ओव्हरक्लॉकने नुकसान झालं तर इंटेल काय, एएमडी काय, वॉरंटी देत नाही.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्डच बसतो. आणि कुठलीही सेटिंग बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

आज एवढंच करा. फिक्स वेग आणि एक्सएमपी दोन्ही बंद करून तीच झिप पाच-सहा वेळा तपासा. आत्तापर्यंत या मशीनमधून गेलेले बॅकअप तपासल्याशिवाय मूळ कार्डं आणि पेनड्राइव्ह पुसू नका, हे कळकळीने सांगतोय. झिप नीट उघडली तर फक्त एक्सएमपी चालू करा आणि रात्रभर मेमटेस्ट लावा. लाल ओळ आली तर टेस्टचा नंबर दिसेल असा फोटो इथे टाका, रॅमचं व्होल्टेज आणि टायमिंग आपण मिळून बघू.