बाटलीच्या कडा कुठे हरवतात : मला महागात पडलेली एक चूक

तेलाच्या बाटल्यांचे फोटो घरच्या टेबलावर काढताना काचेच्या कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जातात, मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड ताणलेली पेटी) आणूनही काही फरक पडत नाही आणि आता पोलरायझर (भिंगापुढे लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. ते वाचून मला माझाच एक पावसाळा आठवला, म्हणून हे लांबलचक उत्तर. ट्रायपॉड, आयएसओ १०० (म्हणजे कॅमेऱ्याची कमी संवेदनशीलता), एफ/११ च्या आसपासचे ॲपर्चर (भिंगातले लहान छिद्र) आणि बोटांचे ठसे पुसून घेणे हे तुम्ही करत असालच असे धरून चालतो. मी पूर्णवेळ छायाचित्रकार नाही, नोकरी सांभाळून अशी कामे करतो, तेव्हा हे सगळे त्या बेताने घ्यावे.

एका ओळखीच्या बाईंच्या घरगुती सरबतांच्या १२ बाटल्यांचे काम मी घेतले होते. माटुंग्याची १० बाय १२ फुटांची खोली, भिंती पांढऱ्या, छत पांढरे, बाटलीमागे पांढरा पडदा आणि त्या पडद्यावर सोडलेले दोन दिवे. दिवा जितका मोठा तितका प्रकाश मऊ, हे माणसांचे फोटो काढताना अंगवळणी पडलेले सूत्र मी डोळे मिटून काचेला लावले. कडा दिसेनात तेव्हा मी सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानात गेलो (नाव लिहीत नाही). तिथल्या गृहस्थांनी बाटली कशाची, खोली केवढी, यातले काहीही न विचारता ‘तुमचा लाइट लहान पडतोय’ एवढेच सांगून त्याहून मोठा सॉफ्टबॉक्स दिला. पुढच्या खेपेला त्याहूनही मोठा दिला, आणि तिसऱ्या खेपेला माणसाच्या उंचीची पांढरी चौकट माझ्या गळ्यात मारली. ती टॅक्सीच्या टपावरून आणताना कापडाला जी दुमड पडली, तिच्यापोटी अनामत रकमेतले पैसे कापून घेतले ते वेगळेच. पैशांचे दुःख फारसे नाही, पण प्रत्येक खेपेला माझ्या बाटल्या आणखी फिकट होत गेल्या आणि दोष माझ्या नजरेचा असावा असे मला वाटू लागले, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

शेवटी दोन रात्री संगणकावर बसून मी कडा हाताने गिरवल्या. पत्रकाचा नमुना छापून आला तेव्हा लिंबू सरबताच्या बाटलीचे खांदे कागदात पार विरघळले होते, आणि लेबल व बूच तेवढे हवेत तरंगत होते. बाई काही बोलल्या नाहीत, पण सगळे काम मी पदरमोड करून पुन्हा केले.

त्या दुसऱ्या फेरीत, जुलैच्या एका संध्याकाळी, मी भिजून घरी आलो आणि काळी छत्री वाळत घालायला टेबलाच्या डाव्या अंगाला उघडून ठेवली. कॅमेऱ्यातून पाहतो तो बाटलीच्या डाव्या कडेवर, मानेपासून बुडापर्यंत, पेन्सिलीने ओढावी तशी एक काळी रेघ उमटली होती, आणि उजवी कडा पूर्वीसारखीच गायब होती. छत्री बाजूला केली की रेघ जाई, जवळ आणली की जाड होई. तीन महिने ज्याच्यासाठी मी दिवे वाहत होतो, ते त्या छत्रीने केले होते.

कारण साधे आहे. समोरून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्केच काचेचा एक पृष्ठभाग परत पाठवतो, बाकीचा आरपार निघून जातो. त्यामुळे कापडावर किंवा चेहऱ्यावर टाकावा तसा प्रकाश काचेवर टाकून ती उजळत नाही. बाटलीच्या मधल्या भागातून आपल्याला मागचा पडदा दिसतो, पण कडेपाशी काच इतकी तिरपी होते की तिथे फोटोच्या चौकटीच्या बाहेरच्या, बाजूच्या वस्तू वळून आणि परावर्तित होऊन दिसतात. बाजूलाही पांढरी भिंतच असेल तर कडा पांढरी, मागचा पडदाही पांढरा, मग रेघ उमटणार कशाच्या जोरावर?

म्हणून माझा आग्रह असा की दिवा वाढवू नका, मागचा उजेड कापा. मागे ट्रेसिंग पेपर ताणून बसवा आणि दिवा त्याच्याही मागे ठेवा. बाटली कागदापासून दोन-अडीच फूट पुढे असू द्या. मग कॅमेऱ्यातून पाहत, घरातल्या कोणाला तरी कागदाजवळ उभे करून, चौकटीचे चारही कोपरे त्या कागदावरच मास्किंग टेपच्या तुकड्यांनी खुणावून घ्या. त्या खुणांच्या बाहेर दोन बोटे जागा सोडून उरलेला सगळा कागद काळ्या कार्डशीटने झाका. ही खूण बाटलीपाशी नव्हे, मागच्या कागदावर करायची आहे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. त्यानंतर बाटलीच्या दोन्ही अंगांना, चौकटीत येणार नाहीत इतक्याच दूर, दोन उभी काळी कार्डे ठेवा आणि ती बोटभर आत-बाहेर सरकवून रेघेची जाडी ठरवा. ट्रेसिंग पेपर आणि कार्डशीट मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतात, त्यासाठी भाड्याचे सामान लागत नाही. खोलीतले बाकीचे दिवे बंद आणि खिडकीला जाड पडदा हवा, म्हणजे बाटलीवर उमटणारी खिडकीही जाईल. पंखाही बंद करा, नाहीतर कागद हलतो. मे महिन्यात हे करणे म्हणजे शिक्षा आहे, याची मला कल्पना आहे.

काळ्या पार्श्वभूमीवर उजळ कडा हव्या असतील तर हीच मांडणी उलटी करावी, म्हणजे चौकट जेमतेम भरेल एवढे काळे कार्ड मध्ये आणि उजेड त्याच्या चहूबाजूंनी. तुमच्या फिकट तेलाला हे कदाचित अधिक शोभेल, पण अशा मांडणीत धुळीचा कणन् कण चमकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पोलरायझरबद्दल माझे मत कडवे आहे आणि ते चुकीचे असू शकते. साध्या काचेवरचे प्रतिबिंब तो पूर्णपणे काढू शकतो ते सुमारे ५६ अंशांच्या कोनात (काचेवरच्या लंबरेषेपासून मोजलेल्या). सपाट काचेला तसा कोन जुळवता येतो, पण गोल बाटलीवर तो एखाद्या उभ्या पट्ट्यापुरताच सापडतो आणि समोरचे प्रतिबिंब जिथल्या तिथे राहते. मी घेतलेला पोलरायझर आता समुद्राचे फोटो काढायला वापरतो.

मागून उजेड दिल्यावर कागदी लेबल काळवंडते. त्यासाठी समोर दिवा न लावता कॅमेऱ्याच्या बाजूने एक लहान पांढरे कार्ड तिरपे धरून मागचाच उजेड लेबलावर परतवावा. गडद द्रव असेल तर आणखी एक युक्ती आहे. कोकम आगळाची बाटली माझ्याकडे निव्वळ काळी येत होती, तेव्हा मी मिठाईच्या खोक्यातला सोनेरी पुठ्ठा बाटलीच्या आकाराचा, पण तिच्याहून थोडा लहान कापून मागे टेकवला आणि आगळाचा खरा लाल रंग उजळून आला. पुठ्ठा कडेपर्यंत आला तर मात्र रेघ पुन्हा बिघडते.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित फक्त माझ्याच घराला लागू असेल. अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर देत असाल आणि घर रुळांजवळ असेल, तर फास्ट लोकल जाऊ द्या, मग शटर दाबा. बाटली जागची हलत नाही, पण गळ्याशी असलेली द्रवाची पातळी थरथरते आणि ती रेघ धूसर येते.

एवढे करूनही जमले नाही तर पुढच्या वेळी बाटलीचा फोटो टाकू नका. दोन पावले मागे जाऊन पडदा, दिवे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतील असा मांडणीचा फोटो टाका, म्हणजे नेमके काय हलवायचे ते सांगता येईल.